तिऱ्हाइताचा विमा

'विमा' हा शब्द मूळचा आपला नव्हे. तो फारसीतून आला, आणि त्या भाषेत 'बीम' म्हणजे भय. ज्याने हा शब्द प्रथम योजला त्याला या व्यवहाराचे मर्म कळले होते असे म्हणावयास हरकत नाही. कारण पुष्कळ माणसांनी एकत्र येऊन एकावर कोसळू शकणारे भय थोडे थोडे वाटून घेणे, याहून विमा म्हणजे निराळे काही नाही. आयुष्याचा विमा वऱ्हाडात घरोघरी परिचित आहे. पिकाचा विमा तर कापूस व सोयाबीन पेरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. परंतु मोटारगाडीच्या विम्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांत, आणि स्पष्ट लिहावयाचे तर त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींतही, एक मोठा गैरसमज आढळतो. "गाडी आता जुनी झाली, तिचा विमा कशाला?" हे वाक्य बार्शीटाकळीत आमच्या कानांवर इतक्या वेळा आले आहे की त्यावरच यंदाचा पाठ लिहावा असे आम्ही ठरविले.

या वाक्यात दोन अगदी निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. एक विमा गाडीवाल्याच्या स्वतःच्या मालमत्तेचा. गाडी चोरीस गेली, पुरात सापडली, झाडावर आदळून चेपली, तर दुरुस्तीचे पैसे मिळावेत म्हणून तो काढावयाचा. तो काढणे न काढणे मालकाच्या मर्जीवर आहे, आणि फार जुन्या गाडीचा तो न काढणे पुष्कळदा शहाणपणाचेही असते. दुसरा विमा तिऱ्हाइताचा. विम्याच्या करारात पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा पक्ष विमा कंपनी. तिसरा पक्ष म्हणजे ज्याची या दोघांशी काडीचीही ओळख नाही असा रस्त्यावरचा मनुष्य. पायी शाळेला येणारी मुलगी, सायकलीवरचा दूधवाला, समोरून येणारा दुसरा मोटारसायकलस्वार. लोक याला 'थर्ड पार्टी' म्हणतात. जुन्या दस्तऐवजांतला 'तिऱ्हाईत' हा आपला शब्द त्या जागी नेमका बसतो. या तिऱ्हाइताचे हाड मोडावयास नवी गाडी लागत नाही. पंधरा वर्षांची, ब्रेक झिजलेली फटफटी त्या कामी नव्या गाडीहून अधिक समर्थ असते. म्हणूनच कायदा हा दुसरा विमा सक्तीचा करतो, आणि सक्ती करताना गाडीचे वय विचारीत नाही.

ही सक्ती एका दिवसात आलेली नाही. १९१४ साली हिंदुस्थानात मोटारींचा पहिला व्यापक कायदा झाला, त्यात परवाना व नोंदणी होती, विम्याची सक्ती नव्हती. मोटारीखाली सापडून कोणी मेला तर १८५५ सालच्या प्राणघातक अपघातांच्या कायद्याखाली त्याच्या कुटुंबाने दिवाणी दावा लावावयाचा. दाव्यात वर्षे लोटत. आणि हुकूमनामा हाती पडेतो मोटारवाल्यापाशी काही शिल्लक असेलच याची खात्री नसे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९२७ पासून व इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद झाली, परंतु तिचे प्रकरण प्रत्यक्ष अमलात यावयास १ जुलै १९४६ उजाडला. पुढे १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणे स्थापण्याची सोय झाली, व १९८८ चा सध्याचा कायदा १ जुलै १९८९ पासून सुरू झाला. त्याच्या १४६ व्या कलमात असे आहे की तिऱ्हाइताच्या जोखमीचा विमा असल्याखेरीज सार्वजनिक जागी कोणीही वाहन वापरू नये, व कोणाला वापरू देऊ नये. 'वापरू देऊ नये' हे शब्द विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावेत. त्यांचे काम पुढे पडणार आहे.

कायदा इतका स्पष्ट असून वस्तुस्थिती काय आहे? २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत दगावली. त्यांतील १५,२२४ एकट्या महाराष्ट्रातील. मेलेल्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते, आणि दर पाचांत सुमारे एक पायी चालणारा होता. दुसरीकडे, संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने २०२४ साली सादर केलेल्या अहवालात देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात हे नमूद आहे, आणि त्यांत मोठा भरणा दुचाकींचा आहे. म्हणजे अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणाऱ्या आपल्या रस्त्याच्या कडेला उभे राहून समोरून जाणाऱ्या गाड्या मोजल्या, व आपला रस्ता देशातील इतर रस्त्यांसारखाच धरला, तर दर दुसऱ्या गाडीमागे विमापत्र नाही असे समजावयास हवे.

आता अंकगणिताच्या तासाप्रमाणे एक हिशेब करू. उदाहरण कल्पित आहे, रीत मात्र खरी आहे. ती सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०१७ सालच्या निकालांनी घालून दिली. चौतीस वर्षांचा एक मजूर, महिन्याची कमाई १०,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. दुसऱ्याच्या मोटारसायकलीच्या धडकेने तो मरण पावला. वर्षाची कमाई १,२०,००० रुपये. चाळिशीच्या आतला, नेमका पगार नसलेला मनुष्य पुढे अधिक मिळविता, म्हणून ४० टक्के वाढ धरावयाची: १,६८,००० रुपये. अवलंबून असणारी माणसे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा करावयाचा: उरले १,२६,००० रुपये. वयानुसार ठरलेला गुणक १६. गुणाकार २०,१६,००० रुपये. यात अंत्यविधी वगैरेंच्या ठराविक रकमा व व्याज मिळवावयाचे राहिलेच आहे. आता दुसरी बाजू. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या सरकारी दराने ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलीचा तिऱ्हाईत विम्याचा वार्षिक हप्ता, कर सोडून, ७१४ रुपये. एका मृत्यूची भरपाई भागविण्यास २,८२४ मालकांचा वर्षाचा हप्ता लागतो, आणि त्यात कंपनीच्या कारकुनाचा पगार धरलेला नाही. ज्यांना हा भागाकार पुन्हा करून पाहावयाचा असेल त्यांनी तो अवश्य करावा.

धडक देणाऱ्याजवळ विमापत्र असेल तर अकोल्याच्या न्यायाधिकरणाने ठरविलेली रक्कम कंपनी भरते. विमापत्र नसेल तर रक्कम कमी होत नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. निवाडा तोच, आकडा तोच. देणेकरी तेवढा बदलतो. तो गाडीचा मालक असतो. न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून जिल्हाधिकारी ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतात, अशी तरतूद कायद्यात आहे. पाच एकर कोरडवाहू शेत असलेल्या घराने वीस लाख कोठून आणावेत? विमा नसलेली अपघाती गाडी विकून पैसा न्यायाधिकरणात जमा करण्याचे नियम राज्यांनी करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. परंतु जुन्या मोटारसायकलीच्या लिलावात कितीसे येणार? सबब एका घरातील कर्ता गेला, दुसऱ्या घरातील शेत गेले, आणि तरीही पहिल्या घरातील विधवेच्या हाती पुरती रक्कम येत नाही. ७१४ रुपये वाचविल्याचा हा परिणाम होय. वाटेत पोलिसांनी अडविले तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या खेपेस २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. लोक या दंडाला भितात. वीस लाखांच्या आकड्याला भीत नाहीत, कारण तो त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

येथे एक विचित्र गोष्ट नोंदण्यासारखी आहे. ठोकर देऊन पळालेल्या व कधीच न सापडलेल्या गाडीने मनुष्य मेला, तर त्याच्या वारसांना एक ठराविक रक्कम मिळते. १९८२ साली ती ५,००० रुपये होती; १ एप्रिल २०२२ पासून ती २,००,००० रुपये झाली. ही योजना केवळ अज्ञात वाहनासाठी आहे. गाडी सापडली, क्रमांक कळला, आणि विमा मात्र नाही असे निघाले, तर त्या योजनेचे दार बंद. म्हणजे पळून गेलेल्या गाडीच्या बळीला जे मिळते तेही प्रामाणिकपणे थांबलेल्या, परंतु विमा नसलेल्या गाडीच्या बळीला त्या योजनेतून मिळत नाही. कायद्यातील ही फट बुजविली पाहिजे असे आमचे मत आहे. औषधोपचारापुरती सोय मात्र आता झाली आहे. २०२५ च्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, नियुक्त रुग्णालयात रोख पैसे न भरता उपचार मिळतात. मग धडक देणाऱ्या गाडीला विमा असो वा नसो. जखमीस उचलून नेणाऱ्या परक्या मनुष्याला पोलिसांचा ससेमिरा लागू नये म्हणून २०१९ च्या दुरुस्तीत जे कलम घातले, त्याला शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचेच नाव आहे. त्या शोमरोन्याने उतारशाळेच्या धन्याला दोन नाणी स्वतःच्या पदरची दिली होती. आजचा इस्पितळाचा खर्च दोन नाण्यांत भागत नाही, म्हणून या निधीचे महत्त्व.

इथवर आपण बळीचा व विमा नसलेल्या मालकाचा विचार केला. परंतु जो नियमाने हप्ता भरतो त्या तिसऱ्या मनुष्यावरही भार पडतो. इंग्लंडात हा भार उघड दिसतो. ज्या १९४६ साली आपल्याकडे विमा सक्तीचा झाला, त्याच साली तेथील विमा कंपन्यांनी मिळून एक मध्यवर्ती मंडळ काढले. विमा नसलेल्या गाडीने कोणाला इजा केली तर भरपाई हे मंडळ देते, व त्यासाठी लागणारा पैसा सर्व विमा कंपन्यांकडून गोळा करते. कंपन्या तो अर्थातच हप्त्यात चढवितात. त्यामुळे तेथील प्रत्येक विमेदार आपल्या हप्त्यात न भरणाऱ्या शेजाऱ्याचाही थोडा हप्ता भरीत असतो. बळी तेथे उघडा पडत नाही, ही त्या पद्धतीची थोरवी.

आपल्याकडे असे सरसकट मंडळ नाही. तेव्हा कोणी म्हणेल, विमा नसलेल्याचा अपघात विमा कंपनीच्या वहीत येतच नाही, मग आमचा हप्ता का वाढावा? हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर जरा आडवाटेने मिळते. समजा, विमा असलेला एक ऑटो व विमा नसलेली एक मोटारसायकल यांची टक्कर झाली. चूक दोघांची सारखी. ऑटोत बसलेल्या बाईचा पाय मोडला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले आहे की अशा संयुक्त निष्काळजीपणात बळीने दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई घ्यावी. बाई साहजिकच जेथे पैसे आहेत तेथे जाते. ऑटोची विमा कंपनी सारी रक्कम भरते, आणि निम्मी रक्कम मोटारसायकलवाल्याकडून वसूल करण्याचा तिला हक्क राहतो. ज्याने ७१४ रुपये भरले नाहीत त्याच्याकडून लाखांची वसुली किती होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. ते येणे बुडाले की खर्चाच्या बाजूस बसते, आणि पुढील दर ठरविताना दाव्यांचा हाच खर्च पाहिला जातो.

मोटारीच्या मालकास याहून जवळचा अनुभव येतो. विमा नसलेल्या गाडीने त्याची मोटार ठोकली, ठोकणारा हात जोडून म्हणतो, "साहेब, माझ्यापाशी काही नाही." मग बिचारा आपल्याच विम्यातून दुरुस्ती करून घेतो. पाच वर्षे दावा न केल्याबद्दल त्याला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट मिळत होती, ती एका दाव्याने नाहीशी होते. मूळ हप्ता ८,००० रुपये धरला तर काल ४,००० भरणारा उद्या ८,००० भरणार. आणि सूट पुन्हा पहिल्या २० टक्क्यांपासून चढावयाची. दोष कोणाचा, दंड कोणाला!

मालमोटारींच्या बाबतीत तर असा काळ आला होता की दाव्यांच्या भाराने कंपन्या त्यांचा तिऱ्हाईत विमा घेण्यास नाखूष झाल्या, आणि २००७ ते २०१२ पर्यंत सर्व कंपन्यांनी मिळून तो तोटा एका सामाईक निधीतून वाटून घ्यावा लागला.

एसटीच्या लाल गाडीवर मात्र असे विमापत्र शोधू नये. सरकारी परिवहन संस्थेने स्वतःचा भरपाईनिधी ठेवल्यास कायदा तिला या विम्यातून सूट देऊ शकतो. आपल्या महामंडळाने २०१६ साली प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अपघात साहाय्यासाठी घेण्यास आरंभ केला. एकेक रुपया देणारे ते प्रवासी आणि आपले ते २,८२४ मोटारसायकलवाले एकाच रीतीने वागतात.

आता जे आम्हांस सर्वांत निकडीचे वाटते त्याकडे येतो. विमापत्र आहे, पण माणूस त्याच्या बाहेर बसला आहे, असा प्रकार आपल्या भागात रोजचा आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत पिंजर, महान या बाजूंना सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मजूर बायांनी भरून जाताना दिसतात. ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी काढलेला असतो, ट्रॉलीत माणसे वाहण्यासाठी नव्हे. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधलेली नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ठरविले. लग्नासाठी मालगाडीतून वऱ्हाड नेणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावे. काळीपिवळीत परवानगी नऊ माणसांची आणि बसली पंधरा, तर २००७ सालच्या निकालाप्रमाणे कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या संख्येपुरतीच. उरलेल्या सहांचे काय, याचे उत्तर पुन्हा मालकाच्या शेताकडे बोट दाखविते. मोटारसायकलीवर मागे बसणारी पत्नी किंवा लेकही निव्वळ सक्तीच्या विम्यात येत नाही, असा निकाल २००६ सालचा आहे. ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतात त्या सर्वांगीण विमापत्रात मात्र मागे बसणारा येतो.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. अठरा वर्षे पुरी होण्याआधी वडिलांची मोटारसायकल घेऊन शाळेस येणारे काही वीर आम्ही पाहतो. अशा मुलाच्या हातून अपघात झाला तर कंपनी बळीला पैसे देईलही, परंतु परवाना नसलेल्यास गाडी दिल्याबद्दल ते सारे पैसे ती मालकाकडून, म्हणजे वडिलांकडून, परत मागू शकते. वर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. 'वापरू देऊ नये' हे शब्द ध्यानात ठेवा असे आम्ही म्हटले होते ते यासाठी की गाडी दुसऱ्याच्या हाती देणाऱ्यालाही कायदा जबाबदार धरतो.

विमा चुकतो तो बहुधा कंजूषपणाने नव्हे, विसरण्याने. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी पाच वर्षांच्या व नवीन मोटार तीन वर्षांच्या तिऱ्हाईत विम्यासहच विकावी लागते. ती मुदत संपते त्या सुमारास गाडीचे कर्जही फिटलेले असते, आणि विम्याची आठवण करून देणारा सावकार उरत नाही. पुढे गाडी विकली जाते. घेणारा ती आपल्या नावावर करून घेत नाही, देणारा विचारीत नाही. २०१८ सालच्या निकालाप्रमाणे नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक. तीन वर्षांपूर्वी विकलेल्या फटफटीच्या अपघाताची नोटीस मूळ मालकाच्या दारी येऊ शकते ती यामुळे.

म्हणून सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याने घरच्या गाडीचे विमापत्र वडिलांजवळ बसून वाचावे, असे आम्ही सुचवितो. कागद सापडत नसेल तर सरकारच्या परिवहन ॲपवर एमएच ३० ने सुरू होणारा आपला क्रमांक घातला की विम्याची मुदत दिसते. कागदावर पाहावयाच्या गोष्टी फार नाहीत: मालकाचे नाव नोंदणीपुस्तकाशी जुळते काय, विमा निव्वळ तिऱ्हाइताचा आहे की सर्वांगीण, मागे बसणाऱ्याचा समावेश आहे काय, आणि मुदत कोणत्या तारखेस संपते. तारखेशेजारी वेळ छापलेली असते, तीही वाचावी. सकाळी अपघात झाला व दुपारी धावत जाऊन हप्ता भरला, तर विमा त्या दुपारच्या छापील वेळेपासूनच सुरू होतो. १९९७ सालापासून सर्वोच्च न्यायालयाचा तसा निर्णय आहे.